बोलावणं की हाकलणं? टोळांच्या थव्यातल्या एका रेणूचं प्रकरण

थव्यात वाढलेल्या टोळांभोवतीची हवा गोळा करून तपासली, की तिच्यात एक संयुग हमखास आणि भरपूर सापडतं: फेनिलॲसिटोनायट्राइल. त्याचंच दुसरं नाव बेंझिल सायनाइड. संशोधक त्याला थोडक्यात पीएएन म्हणतात. एकट्याने राहणाऱ्या टोळात ते जवळजवळ नसतंच. एवढं हाती आलं, की टोळांना एकत्र बोलावणारा वास हाच, असं कुणालाही वाटेल. 1990च्या दशकात संशोधकांनाही तसंच वाटलं, आणि तसं वाटण्याला पुरावाही होता. पुढच्या तीस वर्षांत मात्र याच रेणूची आणखी तीन कामं समोर आली. ती तिन्ही ‘जवळ या’ म्हणणारी नव्हती, ‘लांब राहा’ म्हणणारी होती.

टोळांच्या गंधसंदेशांवर लिहिताना बहुतेक जण नव्या शोधापासून सुरुवात करतात आणि जुना निष्कर्ष एका ओळीत निकालात काढतात. मला हे प्रकरण उलट बाजूने वाचणं जास्त उपयोगाचं वाटतं. एखाद्या वासाचा अर्थ ठरवताना नेमके कुठले प्रश्न विचारायला हवेत, ते या एकाच रेणूच्या प्रवासात दिसतं.

आधी एवढं लक्षात घेऊ

टोळ म्हणजे नाकतोड्यांच्या कुळातल्या काही मोजक्या जाती, ज्यांच्यात एकच प्राणी दोन प्रकारे जगू शकतो. गर्दी नसेल तर तो एकटा, लपूनछपून राहतो आणि दुसरा टोळ दिसला की बाजूला होतो. गर्दी झाली की तोच टोळ इतरांकडे ओढला जातो, रंग बदलतो, जास्त हिंडतो. कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं, की दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवलेले स्थलांतरी टोळ प्रत्यक्षात एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. टोळांवरचं आजचं सगळं संशोधन त्या पायावर उभं आहे.

बिनपंखी पिल्लांचे जथे जमिनीवरून चालतात, पंख फुटलेल्या प्रौढांचे थवे उडतात. वाळवंटी टोळांच्या थव्यात एका चौरस किलोमीटरमध्ये काही कोटी टोळ असू शकतात. पुढे दोन जाती सारख्या येतील: आफ्रिका, अरबस्तान आणि भारत-पाकिस्तान सीमेवरच्या कोरड्या पट्ट्यात उपद्रव करणारा वाळवंटी टोळ, आणि चीनसह आशिया, आफ्रिकेत पसरलेला स्थलांतरी टोळ. दोन्ही टोळ असले तरी वंशवृक्षावर एकमेकांपासून बरेच लांब आहेत. थव्याने राहण्याची सवय त्यांच्यात वेगवेगळी विकसित झाली असं मानलं जातं. या प्रकरणातला निम्मा गोंधळ हे अंतर विसरल्यामुळे झाला आहे.

नैरोबी: ‘जवळ या’

नैरोबीच्या ‘इसिपे’ या आंतरराष्ट्रीय कीटक संशोधन केंद्रात बाल्डविन टोर्टो, अहमद हसनाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी टोळांच्या वासांचं पद्धतशीर विश्लेषण केलं. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी गर्दीत वाढवलेल्या प्रौढ नरांच्या वासातली संयुगं ओळखली. बेंझाल्डिहाइड, ग्वायाकॉल, फिनॉल, व्हेराट्रोल अशी नावं त्या यादीत होती, पण सगळ्यात मोठा वाटा पीएएनचा होता. चाचणी सरळ होती. एका कक्षात एका बाजूने वासाची हवा, दुसऱ्या बाजूने स्वच्छ हवा सोडायची आणि कुठे किती टोळ थांबतात ते मोजायचं. गर्दीत वाढलेले प्रौढ टोळ वासाच्या बाजूला जास्त थांबले. पीएएन हा प्रौढांना एकत्र आणणाऱ्या फेरोमोनचा, म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांमधल्या गंधसंदेशाचा, मुख्य घटक ठरला.

या निष्कर्षाला आणखी एक आधार होता. वयात आलेल्या पिवळ्या नरांजवळ ठेवलेले कोवळे टोळ लवकर वयात येतात हे लोहर या संशोधकांनी 1960 मध्येच दाखवलं होतं. थवा टिकायचा तर सगळ्यांनी साधारण एकाच वेळी वयात येणं सोयीचं. तेव्हा पिवळे नर वासाने थव्याला बांधून ठेवतात, ही मांडणी सुसंगत होती. हा निष्कर्ष उतावळेपणाने काढला होता असं मी म्हणणार नाही. त्या काळातल्या साधनांनी जे विचारता येत होतं ते विचारलं गेलं.

पण एक गोष्ट खटकते, आणि ती त्याच आकडेवारीत होती. हा वास सोडतात फक्त वयात आलेले नर. माद्या नाही, पिल्लं नाहीत, पंख फुटलेले पण वयात न आलेले गुलाबी टोळही नाहीत. जथा बांधून चालणारी पिल्लं तर या वासाविनाच एकत्र राहतात. सगळ्यांना एकत्र आणायचं काम एकाच वयाच्या, एकाच लिंगाच्या टोळांकडे का असावं?

हाले: ‘ही माझी आहे’

हा प्रश्न जर्मनीतल्या हाले इथे कार्स्टन झायडेलमान आणि हान्स-योर्ग फेरेन्झ यांनी धसास लावला. त्यांनी पीएएन कोणत्या प्रसंगी सुटतं याकडे पाहिलं. एकट्या ठेवलेल्या नराने ते सोडणं कमी केलं. भोवती दुसरे नर असले की प्रमाण वाढलं. मग उलगडा सोपा झाला. वाळवंटी टोळात मादीचं शेवटचं मीलन ज्या नराशी होतं त्याचे शुक्राणू बहुतांश अंडी फलित करतात. म्हणजे मीलन उरकून निघून जाणाऱ्या नराचा तोटा होतो. म्हणून तो अंडी घालून होईपर्यंत मादीच्या पाठीवरून उतरत नाही. गर्दीत मात्र दुसरे नर सतत धडका देत असतात. अशा वेळी पंखांतून आणि पायांतून सुटणारं पीएएन त्यांना सांगतं, इथे वेळ घालवू नका. 2002 मध्ये त्यांनी याला प्रणय रोखणारं फेरोमोन असं नाव दिलं.

झायडेलमान यांच्या 2006च्या एका टिपणातली गोष्ट मला विशेष आवडते. बराच काळ मादी न मिळालेल्या नरांनी या वासाला भीक घातली नाही. संदेश पोचला होता, पण ऐकणाऱ्याची गरज मोठी होती. वासाला बटण समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. कीटकही संदेश आपल्या परिस्थितीनुसार तोलतात.

नैरोबीचा पुरावा याने रद्द झाला का? पूर्ण नाही. त्या कक्षात टोळ वासाच्या बाजूला थांबले हे निरीक्षण होतंच. पण कुठे थांबले हे मोजणं आणि का थांबले हे समजणं यात फरक आहे. शिवाय पिंजऱ्यातला वास किती तीव्र, किती वेळ, कुणाला दिला यावर वागणूक बदलू शकते. दोन्ही गटांचं एकमत बराच काळ झालं नाही.

सुदान: पिल्लांचा जथा विस्कटतो

मधल्या काळात हसनाली यांचाच गट एका अनपेक्षित निरीक्षणावर पोचला होता. प्रौढ नरांचा हा वास पिल्लांना दिला तर? सुदानच्या लाल समुद्राकाठच्या भागात वाळवंटी टोळांच्या जथ्यांवर पीएएनची अगदी थोडी मात्रा फवारण्यात आली. चालणारा जथा विस्कळीत झाला. पिल्लांचं वागणं एकट्या टोळांसारखं होऊ लागलं. काहींनी खाणं कमी केलं, काही एकमेकांना खाऊ लागली, आणि नंतर त्यांना मारायला कीटकनाशकही नेहमीपेक्षा बरंच कमी पुरलं. हे काम 2010 मध्ये बशीर आणि हसनाली यांच्या नावाने सविस्तर प्रसिद्ध झालं.

त्यांनी याचा अर्थ असा लावला, की पिल्लांचं आणि प्रौढांचं फेरोमोन वेगळं आहे आणि एका वयाचं फेरोमोन दुसऱ्या वयाच्या टोळांची घडी मोडतं. व्यवहाराच्या दृष्टीने हा फार मोठा शोध होता, कारण टोळधाडीला अडवायची खरी संधी पंख फुटण्याआधीच असते. उडू लागलेला थवा वाऱ्याबरोबर दिवसाला शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त जातो. जथा मात्र जमिनीवर असतो, त्याला गाठता येतं.

एकच वास प्रौढांना जोडतो आणि पिल्लांना तोडतो, ही मांडणी त्यांनी जपली. त्यापेक्षा साधं वाचन माझ्या मते असं: हा वास सगळ्यांनाच थोडंफार दूर ढकलतो, आणि प्रौढ नरांनी तो आपल्या कामासाठी वापरला आहे. पण हे वाचन 2010 मध्ये मांडलं असतं तर त्याला पुरावा थोडाच होता.

बीजिंग आणि येना: ‘मला खाऊ नका’

पुढचा पुरावा आला तो दुसऱ्या जातीतून, म्हणजे स्थलांतरी टोळातून. या जातीत पीएएन फक्त नरांपुरतं नाही. गर्दीत वाढलेली पिल्लंही ते सोडतात. त्यामुळे मादी राखण्याचं स्पष्टीकरण इथे लागूच होत नाही.

बीजिंगच्या प्राणिविज्ञान संस्थेत कांग ल यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं, की टोळ हा रेणू फेनिलॲलनिन या साध्या अमिनो आम्लापासून स्वतः बनवतात आणि त्यासाठी सीवायपी 305 एम 2 हे विकर (एन्झाइम) लागतं. गर्दी झाली की त्या विकराचं जनुक चालू होतं. ते जनुक निष्क्रिय केलेले टोळ पक्ष्यांसमोर ठेवले तेव्हा रामगंगा जातीच्या पक्ष्यांनी ते जास्त खाल्ले. पीएएन असलेले टोळ पक्षी टाळत होते. त्यात नुसती धमकी नाही. हल्ला झाला की पीएएनपासून हायड्रोजन सायनाइड हा जहाल विषारी वायू तयार होतो. थव्यातला टोळ उघड्यावर, भडक रंगात, हजारोंच्या संगतीत फिरतो. लपायची सोय त्याने गमावलेली असते, म्हणून हा बंदोबस्त. एकटा टोळ गवतात मिसळून जातो. त्याला हा खर्च परवडत नाही आणि गरजही नसते.

मग 2023 मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक रासायनिक परिस्थितिकी संस्थेतून बिल हान्सन यांच्या गटाचं काम आलं, आणि माझ्या मते या प्रकरणाचा कल तिथे ठरला. थव्यातल्या टोळाला पक्ष्याहून मोठा धोका असतो तो मागून येणाऱ्या टोळाचा. अन्न संपलं की टोळ एकमेकांना खातात. जथा पुढे पुढे चालतो त्यामागे हीच भीती आणि हीच भूक असते, असं दाखवणारी कामं आधी झालेली होती: पुढच्याला गाठलं तर पोट भरतं, मागच्याने गाठलं तर आपण संपतो. येनाच्या गटाने पिंजऱ्यातली गर्दी वाढवत नेली तसं एकमेकांना खाण्याचं प्रमाण वाढलं. पीएएनचं प्रमाणही वाढलं.

पुढची पायरी निर्णायक होती. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने पीएएन बनवणारं जनुक काढलेले टोळ इतरांमध्ये सोडले, तर तेच जास्त खाल्ले गेले. मग उलट बाजू तपासली. टोळाच्या मिशांवर हा वास ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) कोणता, याचा शोध घेऊन त्यांनी ओआर 70 ए हा ग्राही पकडला आणि त्याचं जनुक काढलं. असे टोळ, ज्यांना पीएएनचा वासच येत नव्हता, इतरांना जास्त खाऊ लागले. संदेश सोडणारा मुका केला तर तो बळी जातो; ऐकणारा बहिरा केला तर तो भक्षक होतो. दोन्ही टोकं अशी तपासली, की ‘कदाचित दुसऱ्याच कशामुळे’ या शंकेला फार जागा उरत नाही. 1994 च्या कक्षात अशी चाचणी शक्यच नव्हती.

सुदानमधलं एक निरीक्षण मात्र याच्याशी सहज जुळत नाही. पीएएन खाण्यापासून रोखत असेल तर फवारलेल्या जथ्यातली पिल्लं एकमेकांना खाऊ का लागली? जाती वेगळ्या, हे एक उत्तर. दुसरी शक्यता मला जास्त पटते: हवेत सगळीकडेच हा वास भरला, की कोणाच्या अंगाला तो आहे आणि कोणाच्या नाही हे कळायचा मार्ग बंद होतो. ज्या इशाऱ्याने अंतर राखलं जायचं तो इशाराच गोंगाटात बुडतो.

मग बोलावतं कोण?

पीएएन हाकलत असेल तर थवा जमतो कसा? स्थलांतरी टोळापुरतं याचं उत्तर 2020 मध्ये मिळालं. कांग ल यांच्याच गटाने टोळांच्या अंगातून आणि विष्ठेतून सुटणारी 35 संयुगं वेगळी केली आणि त्यांतून फोर-व्हिनाइलॲनिसोल हे एक शोधलं. नैरोबीच्या अनुभवानंतर इथे निवडीची पद्धत बघण्यासारखी आहे. भरपूर आहे म्हणून ते निवडलं नाही, टोळ त्याच्याकडे जातात म्हणून निवडलं. नर, मादी, पिल्लं, प्रौढ, एकटे, गर्दीतले, सगळेच त्याच्याकडे ओढले गेले. एकट्या वाढलेल्या चारपाच टोळांना एकत्र ठेवलं तरी ते हा रेणू बनवू लागतात. ओआर 35 हा त्याचा ग्राही. तो काढलेल्या टोळांची ओढ कमी झाली. उघड्या शेतात लावलेल्या चिकट सापळ्यांतही या वासाने टोळ आकर्षित झाले. 2022 मध्ये त्याचं आणखी एक काम पुढे आलं: तरुण माद्या त्याच्यामुळे एकमेकींच्या आगेमागे न राहता जवळजवळ एकाच वेळी वयात येतात. म्हणजे लोहर यांनी साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीत पाहिलं होतं तसंच काहीसं.

म्हणजे गर्दीतला स्थलांतरी टोळ एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी सांगत असतो: जवळ या, पण दात लावू नका. यात मला विसंगती दिसत नाही. गाडीच्या डब्यात माणसं शेजारी शेजारी बसतात आणि मांडीला मांडी लागू नये म्हणून मध्ये पिशवीही ठेवतात. दोन्ही संदेश असले तरच हजारो नरभक्षक-स्वभावाचे प्राणी एका जागी टिकतात.

या दोन संदेशांचा उगमही जवळचा आहे. पीएएन फेनिलॲलनिनपासून बनतं हे वर आलंच. 2025 मध्ये बीजिंगच्या गटाने फोर-व्हिनाइलॲनिसोलचा मार्ग शोधला, तर तोही खाल्लेल्या झाडपाल्यातल्या फेनिलॲलनिनपासूनच निघाला. मार्गातला शेवटून दुसरा टप्पा, फोर-व्हिनाइलफिनॉल, एकट्या टोळातही असतो. फक्त शेवटची पायरी, त्यावर एक मिथाइल गट चढवणारी विकरं, गर्दीतच जोरात चालतात.

वासाचा वाटा किती

इथे थांबून एक हिशेब करायला हवा, कारण फोर-व्हिनाइलॲनिसोलच्या बातम्यांमध्ये ‘थवा बनवणारा वास सापडला’ असे मथळे आले होते. ओढ निर्माण होणं आणि एकट्या टोळाचं गर्दीच्या टोळात रूपांतर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवंटी टोळात रूपांतराची सुरुवात मुख्यतः स्पर्शाने होते. 2001 मध्ये स्टीफन सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मागच्या पायाच्या जाड मांडीवर ठरावीक काळ वारंवार घासत राहिलं तरी एकटा टोळ गर्दीतल्यासारखा वागू लागतो. 2009 मध्ये त्यामागचा दुवा मिळाला: गर्दीनंतर दोन तासांत छातीतल्या चेतागाठींमध्ये सिरोटोनिन हे चेतारसायन झपाट्याने वाढतं, आणि ते रोखलं तर वागणूक बदलत नाही. डोळ्यांना टोळ दिसणं आणि वास येणं हे दोन्ही एकत्र मिळालं तरी बदल होतो. नुसता वास दिला तर तेवढा परिणाम दिसत नाही.

एक छोटी गोष्ट इथेच नोंदवतो, कारण ती नैरोबीच्या यादीतल्या ग्वायाकॉलची आहे. 2000 मध्ये असं दिसलं, की ते टोळ स्वतः बनवत नाही, त्याच्या आतड्यातले जिवाणू बनवतात. जंतूविरहित वाढवलेल्या टोळांच्या विष्ठेत ते नव्हतंच. गर्दीच्या हवेत सापडणारं सगळंच टोळाचं बोलणं नसतं, हे एवढ्यावरूनही कळतं.

फवारणी करणाऱ्यांसाठी

आज टोळधाडीवर मुख्य उपाय रासायनिक फवारणीचाच आहे, आणि बुरशीवर आधारित जैविक कीटकनाशकही वापरलं जातं. फेरोमोनचा उपयोग तीन दिशांनी होऊ शकतो.

पहिली दिशा फोर-व्हिनाइलॲनिसोलने टोळांना एका पट्ट्यात ओढून तिथेच मारण्याची. ती मला सगळ्यात लवकर वापरात येण्यासारखी वाटते. पाहणीचे सापळे लावायला तर ती आत्ताच उपयोगी आहे. दुसरी, हा रेणू बनूच न देण्याची. 2025 च्या कामात फोर-नायट्रोफिनॉलने शेवटची पायरी अडवता आली, पण ते रसायन स्वतः विषारी आहे, त्यामुळे शेतात त्याची फवारणी होणार नाही. त्याच जागी बसणारं सुरक्षित संयुग शोधावं लागेल. तिसरी दिशा पीएएनची, आणि तिच्यात दोन उलटे मार्ग आहेत. सुदानसारखं ते फवारून जथा विस्कटायचा, की येनाच्या निष्कर्षावरून ते बनणं किंवा ओळखणं रोखून टोळांना एकमेकांवर सोडायचं? यातला पहिला मार्ग शेतात करून पाहिलेला आहे, दुसरा फक्त पिंजऱ्यात. पीएएन विषारी आहे आणि अमली पदार्थ बनवण्याच्या साखळीतला कच्चा माल म्हणून काही देशांत त्याच्या व्यापारावर निर्बंध आहेत, ही अडचण पहिल्या मार्गात येते. दुसऱ्यात येते ती ही, की पुरावा स्थलांतरी टोळाचा आहे.

आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या टोळधाडीत मुख्य आरोपी असतो वाळवंटी टोळ. त्याच्यात पीएएन वयात आलेल्या नरांचंच आहे, पिल्लांचं नाही. तेव्हा पिल्लांमधलं पीएएन रोखून त्यांच्यात नरभक्षण वाढवायची योजना या जातीवर तशीच्या तशी उचलून लावता येणार नाही. रोखायला तिथे काही नसेलच. वाळवंटी टोळाची पिल्लं जथ्यात सर्रास एकमेकांचे घास का होत नाहीत, त्यांना कोणता वेगळा रेणू वाचवतो का, हे येनाच्या पद्धतीने, जनुक काढून आणि ग्राही बंद करून तपासणं हा या प्रकरणातला पुढचा टप्पा आहे.